बीट खाल्ल्यावर होतं तसं

आमच्या घरात बीट कुणी खात नव्हतं. गावातही कुणी खात असेल असं मला वाटत नाही. भात, नाचणी, भात निघालं की त्याच ओलीवर वाल, परसात शिराळी आणि भोपळा, एवढ्यावर आमचं भागतं. बीट हे शहापूरच्या बाजारात नव्या इमारतींमध्ये राहायला आलेल्या लोकांसाठी मांडलेलं असतं, असं मी समजायचे. पहिलं बीट सोललं तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडली होती.

हे बाजारातून आले आणि पिशवीतून चार बीटं काढून ओट्यावर ठेवली. भातकापणी नुकतीच संपली होती, भाताच्या भाऱ्यांची उडवी अजून खळ्यावर रचलेली होती.

"हे कशाला?" मी विचारलं.

"किन्हवलीच्या डॉक्टरनं सांगितलंय. रक्त कमी हाय म्हणाला. रोज खायचं."

"करायचं कसं असतं?"

"मला काय ठाव. पोरीला विचार."

मुलगी दारात मोबाईल घेऊन बसली होती. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं तिचं. मान वर न करता म्हणाली, "किसून दही घाल, आई. नायतर उकडून दे." आणि जरा थांबून, "बीट खाल्लं ना की लघवी लाल होते. संडासात दिसलं तर घाबरू नको. तसं होतंच."

मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं. बापाची तब्येत कळते, आईची भीती कळते. शिकलेली मुलगी घरात असली की किती बरं, असं मनात आलं.

दोन दिवसांनी मला ते दिसलं. आमचा संडास अंगणाच्या कडेला आहे, सरकारी योजनेतला, पांढऱ्या भांड्याचा. सकाळी धुवायला गेले तर भांड्याच्या कडेला लालसर डाग होता. मुलीनं सांगून ठेवलं नसतं तर मी यांना हाका मारत बाहेर धावले असते. पण मला माहीत होतं. मी पाणी ओतलं, खराट्यानं घासलं, आणि बीट अंगी लागतंय या समाधानात भाकऱ्या थापायला गेले.

पुढं सव्वा वर्ष मी यांना बीट खाऊ घातलं.

किसून, उकडून, डाळीत, तांदळाच्या पिठात मळून. माझी बोटं नेहमी रंगलेली असायची. पाणी भरताना बाया विचारायच्या, "काय गो, मेंदी काढलीस का नवऱ्याला खूश करायला?" मी नुसती हसायचे. मला बायांत बोलता येत नाही. बचत गटाच्या बैठकीत मी सही करते आणि भिंतीला पाठ लावून बसते. बाजारातली भाजीवाली एकदा म्हणाली, "घरात ससे पाळलेत का मावशी?" मी पैसे मोजून दिले आणि निघाले.

यांना बीट आवडत नव्हतं. ताट समोर ठेवलं की तोंड वाकडं व्हायचं, तरी खायचे. एखाद्या दिवशी मी विसरले तर स्वतःच मागायचे, "आज लाल नाय का?" यांचं खाऊन उरलेलं मी खायचे, कारण टाकवत नव्हतं. एक दिवस माझ्या ध्यानात आलं की माझी लघवी कधीच लाल होत नाही. मी मुलीला विचारलं.

"तुझ्या बाबांचं होतं, मग माझं कसं नाय होत गो?"

ती केस विंचरत होती. कंगवा थांबला. "प्रत्येकाचं वेगळं असतं, आई," ती म्हणाली. "काही लोकांचं होतं, काही लोकांचं नाय होत."

हे खोटं नव्हतं. पुढं रुग्णालयात मी एका सिस्टरला विचारलं तेव्हा तिनंही तसंच सांगितलं. म्हणून तर ते माझ्या मनाला जास्त लागतं.

त्या सव्वा वर्षातच मुलीचं लग्न जमलं. मुलगा मुरबाडच्या बाजूचा, कंपनीत पाळीनं कामाला जाणारा. तिची त्याची आधीपासून ओळख होती, हे मला साखरपुड्याच्या दिवशी त्यांच्या बघण्यावरून कळलं. त्याच्या आईचं मन अजून पुरतं वळलेलं नव्हतं. साखरपुडा वैशाखात झाला, पण पुढं त्यांच्या घरात आजोबा वारले आणि लग्न माघापर्यंत लांबलं. हे त्या दिवसांत वाळत चालले होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोरीचं लग्न म्हंजे जीव जातो माणसाचा." सगळे हसायचे. मी पण.

माघात लग्न झालं. फाल्गुनात एका सकाळी यांची लघवी अडली. गुठळ्या आल्या. मी म्हणाले, बीट बंद करू या का. यांनी माझ्याकडं बघितलं आणि शर्ट घातला. शहापूरला सोनोग्राफी झाली, तिथून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. दुर्बीण आत घालून तुकडा काढला, तपासायला दिला. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर निघाला.

निकाल सांगायला डॉक्टरांनी यांना आणि मुलीला आत बोलावलं. मी बाकावर बसले होते. मला कुणी ये म्हटलं नाही आणि मी आपण होऊन उठले नाही. मुलगी बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "पिशवीच्या आतल्या बाजूला असतं ना आई, तर नुसतं खरवडून काढतात. बाबांचं मांसात उतरलंय. पिशवीच काढायला लागणार."

"मग लघवी कुठून?"

तिनं पोटावर हात ठेवून दाखवलं. इथं भोक करणार, वर बाहेरून पिशवी लावणार, जन्मभर.

मी विचारलं, "एवढं लवकर उतरलं?" ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आधी यायला पाहिजे होतं." मी त्यावर विचार केला नाही. फाल्गुनात दिसलं, फाल्गुनात आलो, याच्या आधी कसं येणार, एवढंच वाटलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी यांच्या खाटेजवळ एक चष्मेवाली तरुण बाई आली. पांढरा कोट होता, पण ती म्हणाली, मी औषध देणारी डॉक्टर नाही, अभ्यास करणारी आहे. तिनं स्टूल ओढून घेतलं ते यांच्याजवळ नाही, माझ्याजवळ. हातात कागद होते. उद्या काढायच्या पिशवीतून दोन लहान तुकडे त्यांच्या अभ्यासाला हवे होते, एक गाठीचा आणि एक तिच्याजवळच्याच चांगल्या मांसाचा. देणं बंधनकारक नाही, नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, हे तिनं दोनदा सांगितलं.

यांनी मान हलवली, घ्या म्हणून. पण ती मला म्हणाली, "मावशी, साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. म्हणून तुम्हालाही समजायला हवं."

मला इतक्या वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "मी चौथी शिकलेय."

"मग वाचता येतं की," ती म्हणाली.

तिनं सांगितलं ते मी घरी आल्यावर आठवून लिहून ठेवलं, म्हणून आत्ता लिहिता येतं. शरीराच्या कणाकणात, ज्याला पेशी म्हणतात, तिथं कामाच्या चिठ्ठ्या फिरत असतात. हे बनवा, ते वाढवा, असं त्यांत असतं. त्यांच्याखेरीज अगदी बारक्या चिठ्ठ्या असतात. त्या स्वतः काही बनवत नाहीत. मोठ्या चिठ्ठीला चिकटून तिचं काम थांबवतात. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. मी तो शब्द तिच्याकडून कागदावर लिहून घेतला. गाठीच्या मांसात या बारक्या चिठ्ठ्यांपैकी काही कमी झालेल्या असतात आणि काही वाढलेल्या. चांगला तुकडा आणि रोगी तुकडा शेजारी ठेवून कोणत्या किती कमी आणि कोणत्या किती जास्त, ते ती मोजणार होती.

मग माझ्या डोळ्यांपुढं आमची भाताची खाचरं आली. एका खाचरातून दुसऱ्यात पाणी जायला बांधाला जागा सोडलेली असते. ती चिखलाच्या गोळ्यानं बुजवायची, नाहीतर मोकळी करायची. मी म्हणाले, "बांधाला चिखलाचा गोळा लावतात तसं का? जिथं लावायला पायजे तिथं लावला नाय, तर पाणी सुटतं आणि रोप वाहून जातं. आणि नको तिथं लावला तर पलीकडचं खाचर सुकतं."

"अगदी तसंच, मावशी," ती म्हणाली. "रोखायला हवं ते रोखलं जात नाही, आणि राखण करणाऱ्याचं तोंड बंद होतं."

यांना हसू आलं. "आमच्या घरात ही बोलते, हे आज कळलं," हे म्हणाले.

"याचा यांना उपयोग काय?" मी विचारलं.

"काकांना लगेच काही नाही, खरं सांगते. पण पुढं कधीतरी नुसत्या लघवीच्या तपासणीत कळावं, दुर्बीण घालायच्या आधी, रोग आत उतरायच्या आधी. लवकर कळावं, यासाठी सगळं चाललंय."

मग तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. वय, काम. शेती आणि गवंडीकाम. बिडी किती वर्षं. तीस. ती लिहीत होती. मुलगी खाटेच्या पायाशी उभी होती. एका दिवसासाठी सासरहून आली होती, हातातला हिरवा चुडा अजून तसाच होता.

"लघवीतून रक्त कधीपासून जातंय, काका?"

हे म्हणाले, "मागल्याच्या मागल्या भातकापणीपासून."

मला वाटलं, औषधांनी यांचं डोकं चालत नसेल. मी म्हणाले, "अवो, ते बिटाचं. रक्त आत्ता फाल्गुनात आलं ना."

"बीट?" त्या बाईनं विचारलं.

"हे बीट खायचे. रोज. त्यानं लाल व्हायचं."

हे खिडकीकडं बघत होते. मी मुलीकडं बघितलं. ती चुडा मनगटावर मागंपुढं सरकवत होती. मग ती हळूच म्हणाली, "आई, राहू दे."

मला ते कळायला जेवढा वेळ लागला, तेवढा लागायला नको होता. पण एकदा कळल्यावर सगळं एकदम कळलं. चार बीटं ओट्यावर ठेवली ती संध्याकाळ, घाबरू नको, तसं होतंच, आज लाल नाय का, डॉक्टर म्हणाले आधी यायला पाहिजे होतं. माझी रंगलेली बोटं. सकाळी सकाळी मी पाणी ओतून जे धुवून टाकत होते ते.

त्या बाईला काहीतरी उमगलं असावं. तिनं पेन कागदावर टेकवून ठेवलं आणि विचारलं, "मावशी, मी काय लिहू?"

मी म्हणाले, "ते सांगतात तेच लिवा."

सही केली. चौथीत शिकले तशी, अक्षर जोडून जोडून. लवकर कळावं म्हणून ती पोरगी मांसाचे कण मोजत बसणार होती, आणि आमच्या घरात ते लवकर कळलंच होतं. फक्त मला नव्हतं कळलं.

संध्याकाळी मी मुलीला जिन्याजवळ गाठलं. मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही.

"बिटाचं कुणाच्या डोक्यातलं?"

"माझ्या," ती म्हणाली. "मी मोबाईलवर वाचलं होतं."

"का पण?"

"किन्हवलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. बाबा म्हणाले, लग्न होऊन जाऊ दे. त्यांच्या घरात आधीच नाय नाय चाललं होतं. बापाला असला रोग म्हटल्यावर कोण करून घेतं? बाबांनी शपथ घातली गो, आई. आणि दोन-चार महिन्यांचा प्रश्न होता. त्यांचे आजोबा जातील हे कुणाला माहीत होतं?"

"मी कुणाला सांगितलं असतं?" मी विचारलं. "मी कुणाशी बोलते तरी का? पाणवठ्यावर बोलत नाय, गटात बोलत नाय. मी कुणाला सांगितलं असतं गो?"

ती रडत होती. रडता रडताच म्हणाली, "कुणाला नाय. पण तुझं तोंड आहे ना आई, त्यावर सगळं दिसतं. साखरपुड्याला तू नुसती ओटी भरायला वाकली असतीस तरी त्यांना कळलं असतं."

तिचं खरं होतं. मी बाहेर काही सांगितलं नसतं. पण यांना मी तसं राहू दिलं नसतं, पाय धरले असते, उपाशी बसले असते, लग्न मोडलं असतं तरी सोनोग्राफीला नेलं असतं. हे त्या दोघांना ठाऊक होतं. माझ्या तोंडाला नाही, दोघं याला भीत होते.

शस्त्रक्रिया नीट झाली. आता यांच्या पोटाला, बेंबीच्या उजव्या अंगाला, जिभेच्या टोकासारखं लाल मांस बाहेर दिसतं. त्यातून थेंब थेंब लघवी येते आणि वर चिकटवलेल्या पिशवीत साठते. ते मांस लालच असायला हवं, काळं पडलं तर लगेच आणा, असं सिस्टरनं सांगितलं होतं. पिशवी लावायचं मी तिच्याकडून शिकले. कातडी पुसून कोरडी करायची, भोकाच्या मापाचा गोल कापायचा, दाबून धरायचं. यांना स्वतःला ते बघवत नाही. मी करते तेव्हा हे छताकडं बघतात.

पहिल्या पंधरा दिवसांत एकदा म्हणाले, "रागावलीस?"

मी म्हणाले, "हलू नका, सुटेल."

पिशवी पारदर्शक आहे. रंग आता मला लपून राहत नाही. सकाळी उठले की आधी तो बघते, मग चूल. अजून तरी पिवळाच आहे.

श्रावण लागला तेव्हा तपासणीची पहिली तारीख होती. लावणीचा शेवटचा तुकडा राहिला होता, मजूर सांगितलेले होते, म्हणून मुलगी मुरबाडहून आली आणि तीच यांना मुंबईला घेऊन गेली. दोघं लोकलनं आसनगावला उतरून रिक्षानं आले. मी पायाचा चिखल धुवत होते. मुलगी लांबूनच म्हणाली, "चांगला आलाय रिपोर्ट, आई. काही नाय."

"काही नाय?"

"काही नाय," हे म्हणाले. आणि दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

ते बघणं साधंच असेल. दमलेली माणसं बघतात तसं. पण रात्री भाकरी वाढताना मी दोघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होते. मुलगी दुसऱ्या दिवशी सासरी गेली. जाताना तिनं पाया पडून मान खाली ठेवली ती मी हात ठेवेपर्यंत वर केली नाही. मी हात ठेवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी यांना जेवायला वाढलं, पिशवी बदलली, आणि म्हणाले, "बाजारात जाऊन येते." ट्रंकेतून रिपोर्टाचा लखोटा काढून भाजीच्या पिशवीत घातला. किन्हवलीपर्यंत एकटी मी याआधी कधी गेले नव्हते, कुणीतरी बरोबर असायचंच. दवाखान्यात बायांच्या रांगेत बसले. माझा नंबर आला. डॉक्टर म्हणाले, "काय होतंय?" मी लखोटा पुढं केला.

त्यांनी कागद वाचले. सावकाश वाचले, मागची पानं पण. यांचं नाव बघून त्यांना आठवलं. "मी यांना दोनदा सोनोग्राफी लिहून दिली होती," ते म्हणाले. "केलीच नाही."

"तुमी बीट खायला सांगितलं होतं का?"

"बीट?" ते म्हणाले. "नाही हो. मी कशाला सांगू?"

"आणि हे?" मी कागदांकडं बोट केलं. "यात काय हाय ते खरं खरं सांगा. मी बायको आहे."

ते म्हणाले, "चांगला आहे. आत्ता कुठं काही दिसत नाही. दर तीन महिन्यांनी बघत राहायचं."

म्हणजे त्या दोघांनी या वेळी खरं सांगितलं होतं. बसची वाट बघत उभी असताना मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. आनंद झाला. तो त्यांनी सांगितलं तेव्हाच व्हायला हवा होता. तो मला एका परक्या माणसाकडून आणावा लागला.

घरी पोचले तेव्हा हे ओसरीवर बसले होते.

"काय आणलंस बाजारातून?"

"काही नाय," मी म्हणाले. "चांगली भाजी नव्हती."

मी यांच्याशी खोटं बोलले, ते तेवढं एकदाच. लखोटा भाजीच्या पिशवीच्या तळाशी होता, पिशवी सपाट होती. यांनी आधी पिशवीकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. काय दिसलं यांना, कोण जाणे. विचारलं मात्र काही नाही. थोडे बाजूला सरकले आणि मला आत जायला वाट दिली.

मी आत जाऊन लखोटा ट्रंकेत ठेवला. त्याच्या खाली तो कागद आहे, त्या चष्मेवाल्या बाईनं लिहून दिलेला. मग हात धुतले. यांची पिशवी रिकामी करायची वेळ झाली होती.